नळाने धुतले नाही

मुनीरभाई,

तुमच्या रुग्णालयाने तुमच्यासाठी शोकसभा घेतली. त्यांच्या फलकावरच्या भाषेत सांगायचे तर, शोकसभा घेण्यात आली. मी सकाळच्या बसने लातूरहून नांदेडला आलो आणि शेवटच्या रांगेत बसलो. दोन मिनिटे शांतता पाळण्यात आली. ती सव्वा मिनिटात संपली; मी घड्याळाकडे पाहत होतो. मग तुमचे मोठे डॉक्टर उठले आणि म्हणाले, मुनीरच्या हातांची सर आता कुणाला यायची नाही. मी बाहेर जाऊन बेसिनवर वाकून उभा राहिलो. त्या हातांकडून त्यांनी वर्षानुवर्षे काय करवून घेतले, हे त्या सभागृहात निदान चार माणसांना ठाऊक होते. चौघेही मान खाली घालून व्यवस्थित दुःखी दिसत होते.

तुमचा जन्म, शिक्षण, नोकरीचा काळ यांतले काही मी येथे लिहिणार नाही. ते त्यांच्या फलकावर आहे आणि त्यातली निम्मी माहिती चुकीची आहे. रुग्णालयाचे नावही येथे लिहीत नाही. ते जिथे लिहायचे तिथे लिहिले आहे.

आपली पहिली भेट मी आडवा असताना झाली. उजव्या मनगटातून नळी घातली होती, अंगावर हिरवे कापड होते, आणि माझ्याच हृदयाचे चित्र डोक्याशेजारच्या पडद्यावर हलत होते. मी विचारले, "हे साहित्य नवे आहे काय?" तुम्ही आधी डॉक्टरांकडे पाहिले, मग माझ्याकडे, आणि म्हणालात, "निर्जंतुक आहे, काका." डॉक्टर म्हणाले, बोलू नका, हलू नका. मी हललो नाही, पण मनात नोंद केली. प्रश्न नव्याचा होता, उत्तर निर्जंतुकाचे आले. चाळीस वर्षे मी न्यायालयात उलटतपासण्या ऐकल्या. विचारले ते सोडून दुसरेच खरे सांगणारा साक्षीदार मला बंद डोळ्यांनी ओळखता येतो.

घरी आल्यावर मी पत्र लिहिले. माझ्या शरीरात जे जे घातले त्याची यादी द्यावी, आणि प्रत्येक वस्तूच्या वेष्टनावर उत्पादन क्रमांकाची जी चिकटपट्टी असते ती माझ्या कागदपत्रांत का नाही, याचा खुलासा करावा. उत्तर आले: आपल्या पत्राची नोंद घेण्यात आली आहे, रुग्णालयात सर्व निकषांचे पालन करण्यात येते. दुसऱ्या पत्राला तेच उत्तर, फक्त तारीख वेगळी. तिसऱ्या पत्रानंतर तुम्ही स्वतः माझ्या दारात उभे राहिलात. हातात कागदात बांधलेली धर्माबादची मिरची होती.

"तुमच्या पत्रांपायी साहेबांपुढं माझी दोनदा पेशी झाली," तुम्ही म्हणालात. "म्हणलं, बघून तरी यावं, कोण माणूस हाय. अन् एवढं चिडलेल्या माणसाला गोड काय न्यायचं, म्हणून मिरची आणली."

दारावरची पाटी वाचून तुमचा विरस झाला. मी वकील नाही, न्यायालयातला निवृत्त अधीक्षक आहे, हे तुम्हाला कमी वाटले. तरी त्या दिवसापासून तुम्ही मला वकीलसाबच म्हणालात, आणि मी तुम्हाला मुनीरभाई. पुढच्या नऊ वर्षांत आपण एकमेकांना एकदाही अरे-तुरे केले नाही. भांडण मात्र प्रत्येक भेटीत केले.

तुमचे अब्बा उदगीरला भांड्यांना कल्हई करायचे, हे तुम्ही पहिल्याच दिवशी सांगितलेत. भात्याजवळ बसून तुम्ही नवसागराचा धूर नाकात घेतला होता. कल्हई उडालेल्या पितळेत ताक ठेवले की ते कळकते, आणि कळकलेले ताक डोळ्यांना दिसत नाही, जिभेला कळते, तेव्हा उशीर झालेला असतो, हे तुमचे वाक्य. अब्बा कल्हई झाल्यावर भांड्याच्या आतून अंगठा फिरवायचे. कुठे खरखर लागली तर भांडे परत भट्टीवर जायचे, गिऱ्हाईक कितीही घाईत असो. पुढे घरोघरी स्टील आले, भाता बंद पडला, आणि कल्हईवाल्याचा मुलगा नांदेडच्या कॅथ लॅबमध्ये, हृदयात नळ्या घालतात त्या खोलीत, तंत्रज्ञ झाला.

मग तुम्ही काय करता, ते सांगितलेत. केसासारखी बारीक, हात-दीड हात नव्हे तर पुरुषभर लांब तार. तिच्यावर एक मुलायम लेप, ओला झाला की माशासारखा निसटणारा. ती तार मनगटातून किंवा जांघेतून हृदयाच्या धमनीपर्यंत जाते आणि नळी, फुगा, स्टेंट हे सारे तिच्यावरून सरकत आत जातात. वेष्टनावर एक खूण छापलेली असते: वर्तुळात दोनाचा आकडा आणि त्यावर तिरकी रेघ. एकदाच वापरा, दुसऱ्यांदा नाही, एवढाच तिचा अर्थ. तुमच्याकडे ती तार एका रुग्णातून निघे, तुम्ही ती धूत असा, नळ्यांतून पिचकारीने औषधी पाणी सोडत असा, रक्ताचा कण विरघळवणाऱ्या द्रावणात बुडवत असा, हवेने सुकवत असा, पाकिटात बंद करून गॅसच्या यंत्रात ठेवत असा. आणि पाकिटाच्या कोपऱ्यात बॉलपेनने एक ठिपका देत असा. दुसऱ्या धुण्याला दुसरा ठिपका. तारेवरून दोन बोटे फिरवून लेप कुठे उडाला आहे ते तुम्ही पाहत असा. अब्बांचा अंगठा, तुमची बोटे.

मी खुर्चीतून उठलो होतो. दोनवर स्पष्ट काट असताना हे चालते कसे, असे मी ओरडून विचारले, आणि तुम्ही चहाचा कप खाली ठेवून म्हणालात, "वकीलसाब, काट दोनवर हाय. तीनवर कुठं हाय?"

तुमचा विनोद मला तेव्हाही आवडला नाही. आता तो रोज आठवतो.

धुण्याबद्दल आपण वर्षानुवर्षे भांडलो, आणि ते भांडण संपलेले नाही. तुमचे म्हणणे असे, की नीट धुतलेली, बोटांनी तपासलेली तार दुसऱ्यांदा वापरल्याने कुणी मरत नाही. नव्याचा हट्ट धरला तर माणूस तपासणी न करताच गावी परततो, आणि तो मरतो. ज्याच्या घरी फ्रीज आहे त्याने पितळेला नावे ठेवू नयेत, असा एक टोमणाही होता. माझे म्हणणे असे, की कल्हईवाल्याकडे बाई आपले भांडे आपल्या हाताने देते आणि आपल्या डोळ्यांनी परत घेते. हे भांडे माझे आहे, ते जुने आहे, त्याला आज कल्हई झाली, हे तिला ठाऊक असते. तुमच्या रुग्णाला काय ठाऊक असते? मुनीरभाई, तुमच्या मुद्द्यात दम होता. तुम्ही हयात असताना मी हे मान्य केले नाही. आज करतो. मला किळस धुण्याची कधीच नव्हती.

किळस त्या डब्याची आहे. नातेवाइकांना दारात बोलावून एक सीलबंद डबा दाखवायचा, बघा, ही नवी तार तुमच्या पेशंटला वापरत आहोत, म्हणायचे. त्यांनी तो हातात घेऊन, न कळणारी अक्षरे वाचल्यासारखे करून, कपाळाला लावून परत द्यायचा. आणि दार बंद झाले की तो डबा तसाच कपाटात जायचा. पुढच्या दारासाठी. तुम्ही मला सांगितलेत की तो एकच डबा इतक्या हातांतून फिरला की त्याचे चारही कोपरे मऊ झाले होते. मऊ कोपऱ्यांचा नवा डबा. मी रात्री जेवलो नाही. आजही तो डबा डोळ्यांपुढे आला की तोंडात कळकलेल्या ताकाची चव येते. फसवणुकीचे अनेक खटले मी हाताळले, पण माणूस स्वतःच्या आईच्या जिवासाठी कपाळाला लावतो ती वस्तूच खोटी, असा खटला माझ्यासमोर आला नव्हता.

माझ्या मनगटातून गेलेल्या तारेवर किती ठिपके होते, हे मी तुम्हाला एकदा विचारले होते. तुम्ही हसून म्हणालात, "निर्जंतुक होती, वकीलसाब." पुन्हा विचारायचा धीर मला झाला नाही. ते आपल्यात न बोललेलेच राहिले.

मग चाकूरवालीचा दिवस आला. तुम्ही तिला कायम चाकूरवालीच म्हणालात. मीही येथे तिचे नाव घालत नाही. साठीच्या पुढची, शेतीवाल्या घरातली बाई. तिच्या वेळी तुम्ही पाकीट उचलले तेव्हा कोपऱ्यात पाच ठिपके होते. तुम्ही बोटे फिरवली आणि टोकाजवळ खरखर लागली. साहेब, ही नको, असे तुम्ही म्हणालात. दुसरी काढायला वेळ नाही, द्या, असे उत्तर आले. तुम्ही दिली. तारेचे टोक आत अडकले, ओढताना तुटले आणि तिच्या धमनीत राहिले. पडद्यावर ते सगळ्यांनी पाहिले. काही होत नाही, शरीर त्याच्यावर आपले आवरण चढवते, असे ठरले. कागदावर काही लिहिले गेले नाही. बाहेर तिच्या मुलाला सांगितले, छान झाले.

हे तुम्ही मला लगेच सांगितले नाही. सांगितलेत तेव्हा ती तीन वेळा छातीत टोचते म्हणून परत येऊन गेली होती, आणि तिन्ही वेळा तिला गॅसची गोळी देऊन पाठवले होते. तिसऱ्या वेळी तिने जाताना तुम्हाला, मोठ्या डॉक्टरांना नव्हे, तुम्हाला हात जोडले. त्यानंतर तुम्ही लातूरची बस धरलीत. तिला सांगायला पाहिजे, तुम्ही म्हणालात. माझ्या व्हरांड्यात बसून तुम्ही स्वतःच्या अक्षरात अडीच पाने लिहिलीत. तिसऱ्या परिच्छेदात हे वाक्य होते: "ही तार याआधी मी माझ्या हातांनी पाच वेळा धुतली, आणि खरखर लागली असताना मीच ती डॉक्टरांच्या हातात दिली."

मी ते वाचले, लाल शाईचे पेन घेतले आणि त्या वाक्यावर रेघ मारली.

माझी कारणे मी तेव्हा सांगितली, ती खोटी नव्हती. त्या वाक्याने पहिले आरोपी तुम्ही झाला असता. ज्यांनी डबा दाखवला ते साक्षीदार झाले असते. म्हणून मी समासात लिहिले: "सदर तार यापूर्वी पाच वेळा धुण्यात आली होती व ती वापरण्यात आली." दुसरे कारण मी सांगितले नाही, कारण ते मलाच ठाऊक नव्हते. चाळीस वर्षांत मी एकाही टिपणीत "मी" हा शब्द लिहिलेला नाही. आदेश पारित करण्यात येतो, अर्ज निकाली काढण्यात येतो, मुद्देमाल नष्ट करण्यात येतो. "मी" दिसला की माझे पेन आपोआप चालते. ज्या भाषेत त्या रुग्णालयाने मला तीन उत्तरे पाठवली, तीच माझी भाषा होती, आणि ती मी तुमच्या पानावर चढवली.

तुम्ही समासातली ओळ दोनदा वाचलीत.

"वकीलसाब, यात माणूसच न्हाई राहिला. धुण्यात आली म्हणजे? कोण धुतलं? नळानं?"

मी तुम्हाला समजावले की कायद्याची भाषा अशीच असते. तुम्ही म्हणालात, "धुण्यात येत नव्हती. मी धुवून राहिलो होतो. लिहिलंय तसंच राहू द्या. पेन द्या, आत्ता सही करतो."

मी पेन दिले नाही. खाडाखोड असलेल्या कागदावर सही करायची नसते, असे म्हणालो. नीट प्रत काढतो, मुद्रांकावर घेतो, सोमवारी या, नोटरीसमोर सही करा. तुम्ही पायऱ्या उतरताना मागे वळून विचारलेत, "सोमवारपर्यंत ती तार थांबंल ना?" मी त्याला विनोद समजलो.

रविवारी सकाळी तुम्ही गेलात. भाभींनी मला जे सांगितले ते मी इथे लिहितो, कारण ते शोकसभेत कुणी सांगितले नाही. उदगीरच्या घरी, नमाजाआधी वजू करताना तुमच्या छातीत कळ आली. मुलाने गाडी काढली आणि सरळ नांदेडला नेतो म्हणाला. तुम्ही त्याचा हात धरून म्हणालात, "तिथं नको. मला ठिपके दिसतील." मग उदगीरमध्येच नेले. कशाने गेलात ते दाखल्यावर आहे. मला विचाराल तर तुम्ही त्या ठिपक्यांनी गेलात, आणि हे मी कुठल्याही न्यायालयात सिद्ध करू शकणार नाही.

सोमवारी मुद्रांकावरची नीट प्रत माझ्या टेबलावर होती. सुवाच्य, खाडाखोडीविना, सहीच्या जागी तुमचे नाव टंकलेले. मी ती उचलली आणि मला स्वतःची शिसारी आली. तीन पानांत एकाही माणसाने काहीही केलेले नव्हते. तार धुण्यात आली होती, देण्यात आली होती, तुटली होती. त्या मोठ्या डॉक्टरांनी ती आनंदाने सही करून दिली असती.

पुढचे आठ-दहा दिवस मी पुराव्याचा कायदा उघडून बसलो. "चावडीवर कुणीतरी म्हणाले" असली साक्ष न्यायालय ऐकत नाही; ऐकीव ते ऐकीव. पण त्याला अपवाद आहेत, आणि त्यांतला एक मी नोकरीत असताना कितीतरी वेळा वाचून पुढे गेलो होतो. बोलणारा हयात नसेल, आणि त्याचे विधान त्याच्याच अंगावर येणारे असेल, खरे ठरते तर त्यालाच आरोपी करणारे असेल, तर ते ग्राह्य धरता येते. कायद्याची समजूत अशी की कोणी स्वतःला उगाच गोवून घेत नाही. म्हणजे, मुनीरभाई, तुमच्या अडीच पानांतली सगळ्यात भक्कम ओळ तीच, जी मी खोडली. सही नाही, पण अक्षर तुमचे आहे आणि अक्षर सिद्ध करता येते. माझी नीट प्रत मात्र कचरा आहे. तुम्हाला वाचवण्यासाठी जे काढले, तेच तुमच्या माघारी बोलू शकणारे होते. आणि ते तुम्ही कायदा न वाचता लिहिले होते, केवळ खरे होते म्हणून.

कच्चे कागद फाडायचे नाहीत, ही जुनी सवय. तुमची पाने फाइलमध्ये होती. मी त्यांच्या छायाप्रती काढल्या आणि सोबत चार ओळींचे पत्र लिहिले. पहिल्यांदा लिहिले, "सोबतच्या पृष्ठावरील लाल रेघ अनवधानाने मारण्यात आली आहे." वाचले आणि ते फाडले. आयुष्यात फाडलेला तो माझा पहिला मसुदा. दुसऱ्यांदा लिहिले, "लाल रेघ मी मारली आहे." ते पत्र जिथे जायचे तिथे गेले आहे. तिथूनही नोंद घेण्यात येईल, याची मला खात्री आहे. मी पुन्हा लिहीन.

पण तुम्ही म्हणाला होता, तिला सांगायला पाहिजे. परवा तुमचा चाळिसावा होता. भाभींनी जबरदस्तीने दोनदा वाढले, आणि निघताना तुमची पाने मी चाकूरला नेऊ का, असे मी विचारले. त्या म्हणाल्या, "उन्हीच ले जाते." म्हणजे, तुम्ही असता तर तुम्हीच ती नेली असती. मी काल उदगीरहून परस्पर चाकूरला गेलो.

ती ओसरीवर भुईमुगाच्या शेंगा फोडत बसली होती. मी कोण, कुणाकडून आलो, ते सांगितले. तुमचे नाव ऐकून म्हणाली, तो चांगला माणूस हाय, तोच एक हसून बोलायचा. तुम्ही गेलात हे सांगितल्यावर तिने शेंगांची पाटी बाजूला सरकवली. मग तिच्या सुनेने तुमची पाने मोठ्याने वाचली, कारण बाईला वाचता येत नाही आणि मला ती वाचवली नसती. सून लाल रेघेपाशी अडखळली. रेघेखालचे वाचू का, असे तिने विचारले. मी म्हणालो, तेच वाच. तिने वाचले.

मग बाई छातीवर हात ठेवून सुनेला म्हणाली, "मी म्हणायले टोचतंय, तर डाक्टर म्हणायले वहम हाय." तिच्या आवाजात राग नव्हता. सुटका होती. तिच्या मुलाने माझ्याकडून छायाप्रती घेतल्या. येत्या आठवड्यात तो तिला दुसऱ्या गावी, दुसऱ्या डॉक्टरांकडे नेऊन छातीचे चित्र काढून घेणार आहे. तिथे काय निघेल, ते मला ठाऊक नाही. पण आता तिचा प्रश्न वहम, म्हणजे मनाचा भास, म्हणून परत येणार नाही.

मी उठलो तेव्हा तिने लाल रेघेचे पान हातात मागितले. अक्षरे कळत नव्हती, म्हणून तिने त्यातली एकच कळणारी गोष्ट बोटाने दाखवली. तुमच्या ओळीवरून तिचे बोट सावकाश फिरले, अब्बांच्या अंगठ्यासारखे.

"ही लाल रेघ कुणी मारली?"

बाहेर अंगणात नळ ठिबकत होता. मी त्याच्याकडे पाहिले, आणि मग तिच्याकडे.

"मी मारली," मी म्हणालो.